अण्णांची खोली खाली आली

घराच्या पहिल्या नकाशात अण्णांची खोली सगळ्यात वर होती आणि त्याबद्दल मगदुमांच्या घरात कुणाचंही दुमत नव्हतं. एरवी या घरात एकमत होणं तसं अवघडच. स्वयंपाकघरातला ओटा कुठल्या भिंतीला घ्यायचा यावरून सुदर्शन आणि त्रिशला, दोघं नवराबायको, अख्खा आठवडा एकमेकांशी मैत्रीमार्फत बोलत होते. मैत्री म्हणजे त्यांची बारावीतली मुलगी. पण वरची खोली अण्णांची, हे ठरलेलं. जागा त्यांनीच घेतलेली, डोंगरही त्यांनीच निवडलेला.

जागा होती आळत्याच्या डोंगराला लागून, चांगल्या उतारावर. अण्णा म्हणजे भूपाल मगदूम. साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरीला असताना त्यांनी ती घेतली, तेव्हा इचलकरंजीतले झाडून सगळे नातेवाईक हसले होते. सपाट जागा सोडून माणूस उतार विकत घेतो म्हणजे काय! अण्णांचं उत्तर तयार असायचं. "सपाटीवर घर बांधलं की शेजाऱ्याची भिंत दिसती. उतारावर बांधलं की शेजाऱ्याचं छप्पर दिसतं, आणि त्याच्यावरनं बाहुबलीचा डोंगर."

सत्तरी ओलांडली तरी दर रविवारी बाहुबलीच्या जैन तीर्थाच्या पायऱ्या चढून दर्शन घेणारा हा माणूस. दिवस मावळायच्या आत जेवण, पहाटे उठून पूर्वेला तोंड करून सामायिक, म्हणजे काही वेळ सगळं सोडून शांत बसणं. हे नेम त्यांनी कधी मोडले नाहीत आणि दुसऱ्यावर कधी लादले नाहीत. सुदर्शननं त्यातला एकही उचलला नव्हता, याचं दुःख मात्र ते बाळगून होते. बोलून दाखवायचे नाहीत, एवढंच.

वास्तुविशारद निखत मुजावर ही इचलकरंजीचीच मुलगी. तिचं म्हणणं असं, की डोंगर कापायचा नाही. घर उतारावर तीन टप्प्यांत बसवायचं. खालच्या टप्प्यात गाडी आणि बैठकीची खोली, मधल्यात स्वयंपाकघर आणि झोपायच्या खोल्या, आणि अगदी वर एकटी अण्णांची खोली, पूर्वेला छोटी गच्ची.

"पायऱ्या जरा जास्त होतायत का हो, मॅडम?" सुदर्शननं नकाशा बघत विचारलं.

"तुला होत असतील," अण्णा म्हणाले, आणि सगळे हसले.

आता घर बांधायचं म्हटलं की मातीच्या चाचणीसारखी वावर-चाचणीही करून घेतात. त्यातलं विज्ञान तसं समजायला सोपं आहे. घरात इंटरनेटच्या ज्या लहरी असतात, त्या माणसाच्या अंगावर आदळून परत फिरतात. माणूस हलला की परत फिरणारी लहरही बदलते. हा बदल बारकाईनं मोजला, तर भिंतीपलीकडचा माणूस किती लांब पाऊल टाकतो, कुठला हात कमी हलवतो, झोपेत किती वेळा कूस बदलतो, हे सगळं कॅमेऱ्याशिवाय कळतं. एवढं तर कैक वर्षांपूर्वीच कळलेलं होतं. नवी होती ती पुढची पायरी. घरातल्या प्रत्येकाच्या हालचालीवरून त्याची एक प्रतिकृती तयार करायची, तिचं वय वर्षावर्षानं वाढवत न्यायचं, आणि अशा सगळ्या प्रतिकृती न बांधलेल्या घरात राहायला सोडायच्या. एकदा नाही, हजारो वेळा. कुणाचा कुठं पाय अडकतो, कोण कुणाच्या वाटेत येतं, म्हातारपणी कोण कुठं पडतं, हे वीट रचायच्या आधी दिसतं आणि नकाशा सुधारता येतो. लोकांना हे फार आवडलं. आपलं पुढं काय होणार, हे ज्योतिषाला विचारायला लाज वाटणारी माणसंही यंत्राला मोकळेपणी विचारू लागली.

कायद्यानं यंत्राला चेहरा बघायची परवानगी नव्हती, आवाज ऐकायची नव्हती, फोन ओळखायची नव्हती. त्याला चार माणसं वेगवेगळी कळायची. पण त्यांतलं कुठलं कोण, हे घरच्यांनीच सांगायचं. सांगायची पद्धत सोपी होती. कोण कुठं झोपतं तेवढं सांगितलं की झालं.

निखत उपकरणं लावायला आली तो आषाढाचा शेवट होता. इचलकरंजीच्या घरी त्रिशला एकटीच होती. चातुर्मास लागलेला. दरवर्षी चातुर्मासात अण्णा खाटेवर झोपणं सोडायचे आणि बैठकीच्या खोलीत जमिनीवर चटई टाकायचे. त्यांची खाट चार महिने रिकामी राहायची. यंदा मात्र ती रिकामी नव्हती. सुदर्शनला कधीपासून झोपेत हातपाय मारायची खोड लागली होती. स्वप्नात कुणाशी तरी झुंजायचा, ओरडायचा. एकदा त्याची लाथ त्रिशलाच्या बरगडीत बसली, तेव्हा त्यानं मुकाट्यानं उशी उचलली आणि अण्णांच्या खोलीत जाऊन त्यांच्या खाटेवर झोपला. सकाळी दोघंही याबद्दल बोलले नाहीत. दुसऱ्या रात्री तो परत तिकडंच गेला.

"वहिनी, कोण कुठं झोपतं तेवढं सांगा," निखतनं विचारलं.

नवरा आपल्या खोलीत झोपत नाही, हे एका तिऱ्हाईत मुलीला कसं सांगायचं? आणि कशाला? चार दिवसांत येईल की परत. त्रिशलानं हातानं दाखवलं. "ही आमची दोघांची. ती मैत्रीची. आणि ती अण्णांची."

निखतनं तशी नावं घातली आणि ती गेली.

सुदर्शन आपल्या खोलीत परतला तो दिवाळीला, अण्णांनी चटई गुंडाळून खाट मागितली तेव्हा. तोवर उपकरणं निघूनही गेली होती. नंतर नवराबायकोच्या खोलीत दोन वेगळ्या गाद्या पडू लागल्या आणि विषय मिटला. त्रिशलानं निखतला काय सांगितलं होतं, ते ती विसरूनही गेली. ती खोटं बोलली असं तिला कधी वाटलंच नाही. आणि खरं तर घराघरांत असं रोजच सांगितलं जातं.

निकाल बघायला चौघंही निखतच्या कार्यालयात गेले. मोठ्या पडद्यावर तीन टप्प्यांचं घर आणि त्यात चार सोंगट्या. नाकडोळे नसलेल्या, लुडोच्या असतात तशा. पिवळी अण्णांची, निळी सुदर्शनची, हिरवी त्रिशलाची, लाल मैत्रीची. निखतनं काळ सुरू केला. सोंगट्या भराभर हिंडू लागल्या. तिसऱ्या वर्षी लाल सोंगटी घरातून निघून गेली, तेव्हा त्रिशलानं उगाच मैत्रीचा हात धरला.

पाचव्या वर्षी पिवळी सोंगटी दारांत थबकू लागली. उंबऱ्याशी यायची, थांबायची, जागच्या जागी हलायची आणि मग पुढं जायची. सहाव्या वर्षी ती पायऱ्यांवरून पडली. निखतनं दुसरी एक शक्यता लावली. त्यातही पडली. तिसरी लावली. तिच्यात ती सातव्या वर्षी पडली आणि त्यानंतर उठून हिंडलीच नाही.

मग अण्णाच म्हणाले, "अगं, सात वर्षांनी मी अठ्ठ्याहत्तरचा असेन. पडायचाच की."

"पण अण्णा असं थांबत थांबत चालत नाहीत," मैत्री म्हणाली.

"आत्ता नाही चालत," निखत हळू आवाजात म्हणाली. "पण सुरुवात आत्ताच झालीय, असं यंत्र म्हणतंय. पाऊल आखूड पडतंय, डावा हात कमी हलतोय. झोपही नीट नाही. हा काही डॉक्टरचा अहवाल नव्हे हं, आम्हाला तसं सांगायची परवानगीच नाही. पण एकदा दाखवून घ्या."

तेवढ्यात मैत्रीला दुसरंच काही दिसलं आणि ती ओरडली. "ए, पप्पांकडं बघा!"

निळी सोंगटी पहाटे उठत होती. रोज. अंधारात पायऱ्या चढून अगदी वर जात होती आणि पूर्वेकडच्या गच्चीत बसून राहत होती. संध्याकाळी दिवस मावळायच्या आत जेवणाच्या टेबलाशी येत होती आणि रात्री तिकडं फिरकतही नव्हती. पाचव्या वर्षी तसंच, दहाव्या वर्षी तसंच, विसाव्या वर्षीही.

"पप्पा? पहाटे?" मैत्री हसून हसून लाल झाली. "यंत्र बिघडलंय!"

"बिघडायला काय झालं?" सुदर्शन जरा चिडून म्हणाला. "उठतो की मी कधी कधी लवकर." तो कधीच उठत नव्हता. पण अण्णांचा चेहरा त्यानं पाहिला होता, आणि त्या चेहऱ्यापुढं नाही म्हणणं त्याला जमलं नाही.

अण्णांचे डोळे भरून आले होते. "वय झालं की येतंय ते आपोआप," ते म्हणाले. "मी पण चाळिशीपर्यंत रात्री दहाला भाकरी हाणत होतो की. बापावर जातोय पोरगा. जाऊ दे."

निखतच्या हातातल्या अहवालात एक ओळ होती, की सुदर्शन मगदूम रात्री बैठकीच्या खोलीत झोपतात. ती ओळ तिनं वाचली, त्रिशलाकडं पाहिलं आणि पान उलटलं. नवराबायकोत काही असेल, आपण कशाला विचारा. पुढच्या नकाशात तिनं वर, अण्णांच्या खोलीशेजारी, सुदर्शनसाठी एक छोटी खोली काढली आणि 'अभ्यासिका' असं नाव दिलं. ते बघून त्रिशला कानापर्यंत लाल झाली. हिला कळलं वाटतं आपण वेगळे झोपतो ते! त्या विषयाचं तोंडच नको म्हणून तिनं नकाशावर पटकन मान डोलावली. दोघी चांगल्या वळणाच्या, दोघी भिडस्त. एकीनं विचारलं असतं किंवा दुसरीनं सांगितलं असतं, तरी पुढचं सगळं टळलं असतं.

मग नकाशा सुधारायला सुरुवात झाली. अण्णांची खोली वरच्या टप्प्यावरून मधल्या टप्प्यावर आली. पिवळी सोंगटी तरी पडली. पायऱ्या रुंद केल्या, कठडे बसवले. ती दोन वर्षं उशिरा पडली. यात सगळ्यात हट्टाला पेटला तो सुदर्शन. आपलं दुकान सोडून तो निखतकडं जाऊन बसायचा. "मॅडम, अजून एकदा लावा. इथं दार रुंद करून बघा. अण्णा पडता कामा नयेत." त्याचं बापावरचं प्रेम एरवी कुणाला दिसायचं नाही, ते त्या दिवसांत सगळ्या गावाला दिसलं.

शेवटी यंत्रानंच सुचवलं, की डोंगर कापा. खालचा आणि मधला टप्पा एका पातळीत आणा आणि अण्णांची खोली दाराजवळ घ्या. दारं रुंद, उंबरे नकोत, भिंतीला धरायला दांडे. तसं केल्यावर पिवळी सोंगटी थबकायची, पण पडायची नाही. निखतला डोंगर कापणं पटत नव्हतं. कापला की मागं दगडी भिंत बांधावी लागणार आणि अण्णांच्या खिडकीतून तीच दिसणार. ती अण्णांना म्हणाली, "तुम्ही नको म्हणा, मी नाही कापत."

अण्णांनी बराच वेळ पडद्याकडं बघितलं. वर गच्चीत निळी सोंगटी बसलेली होती.

"वरची खोली सुदर्शनला द्या," ते म्हणाले. "त्याला लागणार हाय ती. मला खालीच बरं."

डॉक्टरकडं ते गेले नाहीत ते नाहीतच. यंत्राचं निळ्या सोंगटीबद्दलचं म्हणणं त्यांना खरं हवं होतं. मग पिवळ्या सोंगटीबद्दलचं खोटं कसं म्हणायचं? त्यांनी दोन्ही एकदम स्वीकारलं. घर बांधून होईपर्यंत घरच्यांनी त्यांची स्कूटर विकली, हातात काठी दिली, बाहुबलीच्या पायऱ्या बंद केल्या. सुदर्शन रस्ता ओलांडताना त्यांचा दंड धरायचा. सुरुवातीला ते हात झटकायचे. नंतर नंतर झटकणंही त्यांनी सोडलं. धडधाकट माणसाला रोज चार जणांनी सांभाळून चाला म्हटलं, की तो सांभाळूनच चालायला लागतो. तसे ते चालू लागले.

घर सुरेख झालं. वास्तुशांतीला आलेल्यांनी रुंद दारांचं कौतुक केलं आणि मुलानं बापासाठी एवढं केलं म्हणून सुदर्शनच्या पाठीवर थाप मारली. अण्णा आपल्या खोलीत दगडी भिंतीकडं बघत पाहुण्यांचे नमस्कार घेत होते.

पहाटे त्यांना सवयीनं जाग यायची. ते सामायिकाला बसायचे, पण त्यांचं लक्ष वर असायचं. आत्ता पायऱ्यांवर पावलं वाजतील. वाजायची नाहीत. वरची खोली बंद असायची आणि गच्चीत कबुतरांची घाण साचत चालली होती. सहा-सात महिन्यांनी त्यांनी एकदाच विचारलं, "वर जात न्हाईस होय रे?"

"जाईन की अण्णा. घर लागू दे जरा," सुदर्शन चहात बिस्किट बुडवत म्हणाला. आपण कधी काळी काय कबूल केलं होतं, ते त्याच्या लक्षातही नव्हतं.

एका सकाळी अण्णा स्वतःच वर गेले. काठी खाली ठेवून, कठड्याला हात न लावता. गच्ची झाडली आणि पूर्वेला तोंड करून बसले. खाली खोली रिकामी दिसताच सुदर्शन धावत वर आला आणि अंगणात फरशी बसवणाऱ्या गवंड्यासमोर त्यांच्यावर ओरडला. "पडला असता म्हणजे? कशाला एवढं घर बांधलंय मी? जरा आमचा विचार करा!" त्याचे हात थरथरत होते, सगळ्यांना वाटलं, रागानं. अण्णा उठले आणि कठडा धरून खाली उतरले. त्याच आठवड्यात ते बोरगावला धाकट्या बहिणीकडं गेले. चार दिवसांसाठी म्हणून गेले आणि वर्ष झालं तरी परत आले नाहीत. फोनवर विचारलं की म्हणायचे, "इथं बरं हाय. तुम्हाला तेवढाच ताप कमी."

त्या वर्षी त्रिशलानं काही गोष्टी पाहिल्या आणि सोडून दिल्या. दूध करपून धूर झाला तरी शेजारी बसलेल्या सुदर्शनला वास आला नाही. शर्टाचं बटण लावायला त्याला वेळ लागू लागला. कामाचा ताण, वय, थंडी अशी कारणं तिनंच शोधली. मग एक दिवस तो ताट घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर येत होता आणि दारात थांबला. पुढं जाईना. पाय जमिनीला चिकटल्यासारखे जागच्या जागी हलत होते. त्यानं ताट एका हातात घेतलं, भिंतीचा दांडा धरला आणि मग तो चार आखूड पावलं टाकत बाहेर आला.

त्रिशलाच्या हातातलं पातेलं ओट्यावर आदळलं. हे थांबणं तिनं शंभरदा बघितलं होतं. मोठ्या पडद्यावर, पिवळ्या रंगात.

कोल्हापूरच्या मेंदूविकारतज्ज्ञ बाईंनी सुदर्शनला खोलीभर चालवलं, बोटं उघडमीट करायला लावली, आणि मग त्रिशलाला विचारलं, "झोपेत हातपाय मारतात का? ओरडतात?"

"हो."

"कधीपासून?"

"घर बांधायच्या आधीपासून," त्रिशला म्हणाली.

बाईंनी पेन खाली ठेवलं. कंपवात, त्या म्हणाल्या. हा आजार हाताच्या कंपापासून सुरू होतो असं लोक समजतात, पण त्याच्या कितीतरी आधी मेंदूचा एक भाग झिजायला लागलेला असतो. स्वप्नं पडताना निरोगी माणसाचं शरीर सैल, निपचित पडलेलं असतं. मेंदू तसा बंदोबस्त करतो. या रुग्णांत तो बंदोबस्त सुटतो आणि माणूस स्वप्नातली मारामारी खरोखर करतो. वास जातो, पाऊल आखूड होतं. आता यावर झीज रोखून धरणारं औषध आलं आहे, पण ते त्या पहिल्या काळात द्यावं लागतं. "आता देऊच," बाई म्हणाल्या. "पण तीन वर्षांपूर्वी आला असता, तर फार वेगळं झालं असतं. तेव्हा कुणाच्याच काही लक्षात आलं नाही?"

यंत्राच्या लक्षात आलं होतं. पण त्यानं जे बरोबर ओळखलं, ते तिच्या एका वाक्यामुळं दुसऱ्याच माणसाच्या नावावर गेलं. अण्णांच्या खाटेवर झोपणारा सुदर्शन यंत्राच्या लेखी अण्णा ठरला आणि बैठकीत चटईवर झोपणारे अण्णा सुदर्शन. त्रिशला तिथंच, डॉक्टरांसमोर रडायला लागली. सुदर्शनला वाटलं, ती आजाराला घाबरली.

दुसऱ्या दिवशी ती निखतकडं गेली आणि आधीच सांगायला हवं होतं ते तिनं सांगितलं. निखतनं जुनी चाचणी उघडली, दोन नावांची अदलाबदल केली आणि काळ सुरू केला. आता अण्णांची सोंगटी पहाटे उठून पायऱ्या चढत होती. दिवस मावळायच्या आत जेवत होती. पाचव्या वर्षी, दहाव्या वर्षी, विसाव्या वर्षी. नव्वदी गाठेपर्यंत.

"मी अण्णांना उतारावर कितीदा तरी चालताना बघितलंय," निखत म्हणाली. "जागा दाखवताना माझ्यापुढं चालायचे. मला धाप लागायची. तरी मी पडद्यावरच विश्वास ठेवला. आणि ती झोपेची ओळ वाचून मी तुम्हाला विचारलं नाही, वहिनी. मला वाटलं, बरं दिसणार नाही."

"मलापण तेच वाटलं होतं," त्रिशला म्हणाली.

घरी येऊन तिनं सुदर्शनला सांगितलं. तो चिडेल, निदान दोन शब्द बोलेल, असं तिला वाटत होतं. तो अण्णांच्या खाटेवर बसून राहिला. समोर दगडी भिंत होती. "एवढे दिवस मी त्यांना दंड धरून चालवलं," तो म्हणाला. "आणि ते चालले. त्या गवंड्यासमोर काय काय बोललो मी त्यांना." मग म्हणाला, "तू जा आणि घेऊन ये त्यांना. माझं तोंड नाही जायला."

बोरगावला अण्णा आत्याबाईंच्या सोप्यात खुर्चीवर बसले होते. काठी मांडीवर आडवी. त्रिशलाला त्यांचे पाय बारीक झालेले दिसले. ती समोर जमिनीवर बसली आणि तिनं सगळं सांगितलं. चटई, खाट, तिची लाज, निखतचा प्रश्न. काही वगळलं नाही. शेवटी आजाराचं नाव सांगितलं.

आतून आत्याबाई पाणी घेऊन आल्या आणि दोघांकडं बघून तशाच परत गेल्या.

"म्हणजे वर जाणारी ती निळी सोंगटी," अण्णा म्हणाले, "तो न्हवता."

"नाही, अण्णा. तुम्ही होता."

"आणि दारात थांबणारा तो."

त्रिशलानं होकाराची मान डोलावली. "अण्णा, चूक माझी आहे. तुम्ही घरी चला. वरची खोली उघडते मी, गच्ची धुऊन घेते. तुम्हाला काही झालेलं नाही. तुम्ही पहिल्यापासून ठणठणीत होता. मी मुजावर मॅडमकडून सगळं दुरुस्त करून घेतलंय. तुमचं नाव तुमच्या जागी घातलंय, त्यांचं त्यांच्या."

आपण ठणठणीत आहोत हे ऐकून त्यांना थोडं तरी बरं वाटेल, असं तिनं वाटभर धरून ठेवलं होतं. अण्णांनी मांडीवरची काठी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"माझ्या नावावर होतं न्हवं ते?" ते म्हणाले. "मग बदलायला कशाला गेलीस, पोरी? राहू द्यायचं होतंस की माझ्याच नावावर."